ताटातले आणि वाडग्यातले अन्न : तक्रारीपासून उत्तरदायित्वापर्यंत

घरातील कुत्र्याला नव्या पिशवीतले खाद्य सुरू केले आणि तिसऱ्या दिवशी त्याला उलट्या होऊ लागल्या, तेव्हा ती पिशवी घेऊन मी एका सरकारी कार्यालयात गेले होते. तेथील अधिकाऱ्यांनी शांतपणे सांगितले की, आमच्या कायद्यात हे 'अन्न' नाही. त्यांचे म्हणणे कायद्याला धरूनच होते. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ मध्ये माणसाच्या सेवनासाठी असलेला पदार्थ म्हणजे अन्न, अशी व्याख्या आहे आणि पशुखाद्य त्यातून स्पष्टपणे वगळलेले आहे. मला त्या दिवशी राग आला. पण नंतर लक्षात आले की चुकीच्या कार्यालयात दिलेली तक्रार कोणालाच बांधून ठेवत नाही. योग्य कार्यालयात, योग्य कलमाखाली, पुराव्यासह दिलेली तक्रार मात्र अधिकाऱ्याला काही ना काही लेखी उत्तर देण्यास भाग पाडते. ती कशी द्यावी, दिल्यानंतर तिचा पाठपुरावा कसा करावा आणि ज्या नियमांच्या आधारे तक्रार करायची ते नियम ठरताना कंपन्यांचे वजन कोठे पडते हे कसे शोधावे, एवढ्यासाठी हे लिखाण आहे.

पहिल्या दिवशी जपून ठेवायच्या गोष्टी

पाकीट फेकू नये. बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि निर्मात्याचा पत्ता असलेला भाग बहुतेक वेळा फाडलेल्या कडेवरच असतो आणि तोच कचऱ्यात जातो. उरलेला पदार्थ स्वच्छ, कोरड्या, झाकणबंद डब्यात ठेवून फ्रिजमध्ये ठेवावा, पाकिटाची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि शक्य असल्यास त्याच दुकानातून त्याच बॅचचे दुसरे न उघडलेले पाकीट बिलासह विकत घ्यावे. उघडलेल्या पाकिटाबद्दल 'घरी आणल्यावर बिघडले असेल' असे उत्तर हमखास मिळते. न उघडलेल्या पाकिटाबद्दल ते देता येत नाही. बिल नसेल तर यूपीआयची नोंद किंवा ऑनलाइन मागणीची पावतीही चालते.

आजारी माणसाच्या केसपेपरवर काय खाल्ले, किती वाजता खाल्ले आणि त्रास कधी सुरू झाला हे डॉक्टरांना लिहिण्याची विनंती करावी. प्राण्याच्या बाबतीत पशुवैद्यकाकडून रक्ततपासणीचा, विशेषतः मूत्रपिंड आणि यकृताच्या कार्याचा अहवाल घ्यावा. प्राणी दगावला तर दुःखाच्या त्या घटकेत शवविच्छेदनाचा विचार नकोसा वाटतो, हे मी जाणते. तरीही तोच सर्वांत भक्कम पुरावा असतो. मुंबईत परळ, सातारा जिल्ह्यात शिरवळ आणि विदर्भात नागपूर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत विकृतिशास्त्राचे विभाग आहेत, त्यांच्याशी लगेच संपर्क साधावा. तोपर्यंत शव थंड ठेवावे, मात्र गोठवू नये, कारण गोठल्याने ऊतींची तपासणी अवघड होते.

बॅच क्रमांकाचा एवढा आग्रह का, हे २००७ मध्ये अमेरिकेत आणि कॅनडात जे घडले त्यावरून कळते. मेनू फूड्स ही कॅनडातील कंपनी अनेक ब्रँडसाठी आपल्याच कारखान्यांत कुत्र्या-मांजरांचे ओले खाद्य तयार करत असे. ग्राहकांच्या पहिल्या तक्रारी फेब्रुवारीत आल्या होत्या; ६ कोटींहून अधिक डबे आणि पाकिटे परत मागवण्याची घोषणा झाली ती १६ मार्च २००७ रोजी. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये, म्हणजे गव्हातील प्रथिनात, मेलामाइन हे प्लास्टिक उद्योगातील रसायन मिसळलेले होते. प्रथिने मोजण्याच्या प्रचलित पद्धतीत प्रत्यक्षात नायट्रोजन मोजला जातो आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो, त्यामुळे स्वस्त पीठ कागदावर प्रथिनयुक्त दिसले. मेलामाइन आणि त्यासोबत सापडलेले सायन्युरिक आम्ल एकत्र आल्यावर मूत्रपिंडात स्फटिक तयार झाले आणि प्राणी मेले. किती मेले याचे खात्रीचे उत्तर आजही नाही, कारण पाळीव प्राण्यांच्या मृत्यूंची नोंद ठेवणारी मध्यवर्ती व्यवस्थाच नव्हती. मालकांनी हजारो मृत्यू कळवले आणि सरकारी पातळीवर निश्चित झाले ते मोजके. त्या वेळी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला लहान मुलांच्या दुधाची पावडर वगळता इतर खाद्य सक्तीने परत मागवण्याचा अधिकारही नव्हता. तो अधिकार मिळाला जानेवारी २०११ मध्ये.

प्राण्यांच्या खाद्याची ही गोष्ट माणसांना का सांगावी, असे कोणास वाटेल. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, तेच मेलामाइन चीनमध्ये बालकांच्या दुधात सापडले. सुमारे ३ लाख बालके आजारी पडली आणि त्यांपैकी ६ दगावली. भारताने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चीनमधून येणाऱ्या दुधावर आणि दुग्धपदार्थांवर बंदी घातली. प्रथिनांच्या चाचणीला फसवण्याची युक्ती तीच होती, फक्त भांडे बदलले होते. वाडग्यातून आलेला इशारा गांभीर्याने घेतला गेला असता, तर पुढचे बरेच टळले असते असे माझे ठाम मत आहे.

कोणाकडे जावे

माणसाच्या अन्नाच्या पाकिटावर भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, १४ अंकी क्रमांक असतो. तो १ ने सुरू झाला तर परवाना असतो आणि २ ने सुरू झाला तर केवळ नोंदणी. हा क्रमांक प्राधिकरणाच्या फॉसकॉस या संकेतस्थळावर टाकून परवाना चालू आहे का, कोणत्या पत्त्याचा आहे आणि तो केंद्राने दिला आहे की राज्याने, हे आधी पाहावे. राज्याचा परवाना असेल तर महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयातील सहायक आयुक्त (अन्न) यांच्याकडे लेखी तक्रार द्यावी; तेच बहुधा त्या क्षेत्राचे पदनिर्देशित अधिकारी, म्हणजे तेथे हा कायदा राबवण्यासाठी नेमलेले अधिकारी, असतात. केंद्रीय परवाना असेल तर प्राधिकरणाच्या पश्चिम विभागीय कार्यालयाला तिची प्रत पाठवावी. दूरध्वनीवर तक्रार करता येते, परंतु आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच हाती आल्याखेरीज तक्रार झाली असे मानू नये.

पाळीव प्राण्यांच्या खाद्याचा मार्ग वेगळा आणि अधिक विखुरलेला आहे. भारतीय मानक ब्युरोचे कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी आयएस ११९६८ हे मानक आहे, पण ते ऐच्छिक आहे. पाकिटावर आयएसआय चिन्ह असेल तरच ब्युरोकडे तक्रार करण्यात अर्थ आहे. काही पाकिटांवर 'एएएफसीओ' या अमेरिकी संघटनेचा उल्लेख असतो आणि अनेक जण त्याला मान्यतेचा शिक्का समजतात. ही संघटना कोणत्याही खाद्याची तपासणी करत नाही, प्रमाणपत्र देत नाही किंवा मान्यताही देत नाही. ती फक्त पोषणाचे निकष आणि घटकांच्या व्याख्या ठरवते, आणि ते निकष पाळल्याचा दावा कंपनी स्वतः करत असते. आयात केलेल्या खाद्याला केंद्रीय पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाचा आयात परवाना लागतो, म्हणून अशा प्रकरणात आयातदाराचे नाव आणि बॅच देऊन त्या विभागालाही लिहावे.

वजन, किंमत, निर्मात्याचा वा आयातदाराचा पत्ता, ग्राहक तक्रारीचा संपर्क यांपैकी काही पाकिटावर नसेल, तर वजनमापे तपासणाऱ्या वैधमापन शास्त्र यंत्रणेकडे तक्रार होते, मग खाद्य माणसाचे असो की मांजराचे. येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांतील वापराच्या मुदतीची अट 'माणसाच्या सेवनास अयोग्य' ठरू शकणाऱ्या वस्तूंच्या भाषेत लिहिलेली आहे. प्राण्याच्या खाद्याला कायद्याने किती कमी लेखले आहे, हे अशा एखाद्या शब्दावरून दिसते.

आणि प्राण्याच्या मालकाच्या हातातील सर्वांत उपयोगी कायदा ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हाच आहे, कारण त्याला खाद्य कोणासाठी आहे याच्याशी देणेघेणे नाही. सदोष वस्तू एवढे पुरेसे असते. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल करता येते, ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते आणि वकील सक्तीचा नाही. प्रयोगशाळेच्या तपासणीशिवाय दोष कळणार नसेल तर आयोग स्वतः नमुना तपासणीस पाठवू शकतो. एकाच बॅचने अनेकांचे नुकसान झाले असेल तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे जावे. धोकादायक वस्तू परत मागवण्याचा आदेश ते देऊ शकते. माणसाच्या अन्नाने इजा झाली असेल तर अन्न सुरक्षा अधिनियमाच्या कलम ६५ खाली भरपाईही मागता येते, आणि मृत्यू झाल्यास ती किमान ५ लाख रुपयांची असते.

नमुना आणि प्रयोगशाळा

अन्न सुरक्षा अधिनियमाचे कलम ४० हे सामान्य खरेदीदारासाठी लिहिलेले आहे आणि तरीही फार थोड्यांना ठाऊक आहे. कोणताही खरेदीदार शुल्क भरून अन्नाचा नमुना सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, १४ दिवसांत त्याला अहवाल मिळायला हवा, आणि नमुना कायद्याशी विसंगत निघाला तर शुल्क परत मिळते व अहवाल कारवाईसाठी पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे जातो. मात्र खरेदी करतानाच विक्रेत्याला 'मी हे तपासणीसाठी घेत आहे' असे सांगावे लागते. ही अट पाळल्याचा पुरावा म्हणून बिलाच्या मागे तसे लिहून विक्रेत्याची सही घ्यावी; त्याने नकार दिला तर सोबतच्या व्यक्तीची सही घेऊन वेळ नोंदवावी.

खासगी प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यायची असेल तर ती एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यताप्राप्त आहे एवढे विचारून थांबू नये. मान्यता चाचणीनिहाय असते. धान्यातील ओलावा मोजण्याची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला शिसे किंवा अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष मोजण्याची मान्यता असेलच असे नाही, म्हणून मान्यतेची व्याप्ती सांगणारे पत्रक मागून त्यात आपला पदार्थ आणि आपली चाचणी दोन्ही आहेत का ते पाहावे.

याचे महत्त्व मॅगीच्या प्रकरणाने दाखवून दिले. उत्तर प्रदेशातील बाराबंकी येथे घेतलेल्या नमुन्यात कोलकात्याच्या प्रयोगशाळेला शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत १७.२ भाग आढळले, मर्यादा २.५ ची होती. जून २०१५ मध्ये एफएसएसएआयने मॅगीच्या नऊ प्रकारांवर देशभर बंदी घातली आणि महाराष्ट्रानेही आपला आदेश काढला. नेस्ले कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने १३ ऑगस्ट २०१५ रोजी दोन्ही आदेश रद्द केले, कारण कंपनीचे म्हणणे ऐकून घेतले नव्हते आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती त्यांना कायद्याने अपेक्षित असलेली मान्यता नव्हती. तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांतील फेरतपासणीत शिसे मर्यादेच्या आत आढळले आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी पुन्हा बाजारात आली. या निकालाकडे कंपनीचा विजय किंवा सरकारचा पराभव एवढ्याच नजरेने पाहू नये. खाणाऱ्यांना अखेर हेच कळले नाही की पहिला आकडा चुकीचा होता की तो नमुनाच वेगळा होता, आणि ते न कळण्याचे कारण नियामकाच्या कच्च्या कामात होते. तक्रारदाराने म्हणूनच सरकारी अहवाल आला तरी तो कोणत्या प्रयोगशाळेचा आहे आणि तिची त्या चाचणीची मान्यता त्या तारखेस चालू होती का, हे विचारले पाहिजे.

तक्रार दिल्यानंतर

बहुतेक तक्रारी नाकारल्या जात नाहीत. त्या पडून राहतात. अन्न सुरक्षा अधिनियमाच्या कलम ७७ नुसार गुन्हा घडल्यापासून एक वर्षात न्यायालयाने दखल घेतली नाही तर खटला चालवता येत नाही. अन्न सुरक्षा आयुक्त कारणे नोंदवून ही मुदत तीन वर्षांपर्यंत वाढवू शकतात. याचा अर्थ असा की फाइल एका टेबलावर पुरेसा काळ राहिली तर आरोपीला काहीच करावे लागत नाही. म्हणून पोच मिळाली त्या दिवशीच वर्षपूर्तीची तारीख लिहून ठेवावी आणि दीड-दोन महिन्यांनी माहिती अधिकाराचा पहिला अर्ज द्यावा.

महाराष्ट्रात हा अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून द्यावा लागतो आणि राज्याच्या नियमांनुसार तो एकाच विषयावरचा व १५० शब्दांच्या आत असावा लागतो. मर्यादा जाचक वाटली तरी तिचा एक फायदा होतो. प्रश्न नेमके होतात. 'कारवाई का झाली नाही' असे विचारू नये, कारण 'का' ला माहिती म्हणता येत नाही असे उत्तर मिळते. त्याऐवजी कागद मागावेत : अमुक आवक क्रमांकाच्या तक्रारीवरील टिपणीची प्रत, नमुना घेतला असल्यास पंचनाम्याची आणि अन्न विश्लेषकाच्या अहवालाची प्रत, अहवाल पदनिर्देशित अधिकाऱ्यास मिळाल्याची तारीख, आणि त्या उत्पादकाच्या मागील तीन वर्षांत झालेल्या तपासण्यांच्या तारखा. शेवटचा मुद्दा कधीही सोडू नये. एकाच कारखान्याची तीन वर्षांत एकदाही तपासणी झाली नसेल, तर प्रश्न एका पाकिटापुरता राहत नाही.

उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. त्यानंतर ३० दिवसांत प्रथम अपील आणि त्याच्या निर्णयानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. 'ही कंपनीची व्यावसायिक गोपनीय माहिती आहे' असे माहिती अधिकार अधिनियमाचे कलम ८(१)(डी) दाखवून उत्तर आले, तर त्याच कलमातील पुढचे शब्द अपिलात उद्धृत करावेत : व्यापक लोकहितासाठी अशी माहिती देता येते. त्रयस्थ पक्ष म्हणून कंपनीला नोटीस देण्याची पद्धत कलम ११ मध्ये आहे, पण कंपनीची हरकत म्हणजे नकाराधिकार नव्हे. निर्णय माहिती अधिकाऱ्यालाच कारणांसह घ्यावा लागतो. अर्जाची वाट पाहायची नसेल तर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहता येतात. प्रत्यक्ष फाइल पाहिली की कोणता कागद मागायचा हे अचूक कळते.

नियम ठरतो त्या टेबलापाशी

येथवरचे सारे एका पाकिटाबद्दल होते. शिशाची मर्यादा २.५ असावी की १, घटकाचे नाव पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत यावे की मागे बारीक अक्षरांत, हे ज्या बैठकांत ठरते तेथे ग्राहक सहसा नसतो आणि कंपनीचा प्रतिनिधी बहुधा असतो. अन्न सुरक्षा अधिनियमाच्या कलम १३ नुसार एफएसएसएआयच्या वैज्ञानिक पॅनेलवर स्वतंत्र तज्ज्ञच असायला हवेत. उद्योगांचे आणि ग्राहकांचे प्रतिनिधी चर्चेला बोलावता येतात, पण ते सदस्य नसतात. तरीही सुरुवातीच्या पॅनेलांवर शीतपेये आणि तयार खाद्य बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांशी संबंधित माणसे होती, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिल्यावर ती पॅनेले नव्याने रचावी लागली. ज्या याचिकेत हे घडले तीच याचिका ऑक्टोबर २०१३ मध्ये निकाली काढताना न्यायालयाने आरोग्यास घातक अन्न हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्कालाच धोका असल्याचे म्हटले. त्याआधी २००३ मध्ये विज्ञान आणि पर्यावरण केंद्र या स्वयंसेवी संस्थेने शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश दाखवले, तेव्हा शरद पवार यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीने २००४ मध्ये ते निष्कर्ष उचलून धरले आणि एकाच अन्न नियामकाची गरज सांगितली. आजचा कायदा त्यातूनही आला आहे.

अलीकडचे उदाहरण ओआरएसचे, म्हणजे जुलाबात देतात त्या मीठ-साखरेच्या जलसंजीवनीचे आहे. साखरेचे प्रमाण जास्त असलेली पेये ओआरएस ही अक्षरे नावात घेऊन औषधांच्या दुकानांत विकली जात होती, आणि जुलाब झालेल्या मुलाला असे पेय दिल्यास त्याची स्थिती बिघडू शकते. एप्रिल २०२२ मध्ये एफएसएसएआयने हे थांबवले. जुलै २०२२ मध्ये मात्र 'हे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे ओआरएस नाही' अशा खुलाशासह तेच नाव वापरण्याची मुभा दिली. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ महिलेने अनेक वर्षे हा विषय लावून धरला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती मुभा मागे घेण्यात आली. असा बदल दिसला की माहिती अधिकारात नेमके काय मागावे हे या उदाहरणावरून शिकता येते : पहिल्या आणि दुसऱ्या आदेशाच्या दरम्यान आलेली कंपन्यांची व उद्योग संघटनांची निवेदने, त्या काळातील बैठकांच्या उपस्थितीपत्रकांची प्रत, इतिवृत्त, आणि ज्या वैज्ञानिक मताच्या आधारे निर्णय बदलला त्याची प्रत. व्यक्तींची नावे मागण्याऐवजी त्यांची पदे आणि संस्था मागाव्यात, म्हणजे वैयक्तिक माहितीचे कारण पुढे करून नकार मिळण्याची शक्यता कमी होते. वैज्ञानिक मत कागदावर नाहीच, असे उत्तर आले तर ते उत्तरही जपून ठेवावे. तो पुरावाच आहे.

नियमाचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती मागवल्या जातात, आणि अन्न सुरक्षा अधिनियमाच्या कलम १८ मध्ये तर या सल्लामसलतीत सर्व पातळ्यांवरील पंचायतींचाही उल्लेख आहे. ग्रामसभेने शालेय पोषण आहारातील तेलाबद्दल किंवा गावात विकल्या जाणाऱ्या पाकिटांवरील इशाऱ्याबद्दल ठराव करून तो पाठवला, तर तो कायद्याने अपेक्षित असलेलाच प्रतिसाद ठरतो. हरकत लिहिताना मसुद्यातील कलमाचा क्रमांक, त्यातील शब्द, त्याऐवजी सुचवलेले शब्द आणि त्यामागचे कारण हे चारही भाग लिहावेत. नुसता निषेध कोणत्याच तक्त्यात बसत नाही आणि सारांशातून गळून जातो. पाळीव प्राणी असलेल्यांनी येथेच आयएस ११९६८ सक्तीचे करण्याची मागणी भारतीय मानक ब्युरोकडे आणि पशुसंवर्धन विभागाकडे स्वतंत्रपणे पाठवावी, कारण अन्न सुरक्षा प्राधिकरणाला ती पाठवली तर ते मला मिळालेलेच उत्तर देईल.

अंतिम अधिसूचना निघाल्यावर ती मसुद्याशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहावी आणि जेथे शब्द सौम्य झाला आहे तेथे खूण करावी. मग त्या खुणांपुरता १५० शब्दांच्या आत बसणारा अर्ज लिहावा : या कलमावर आलेल्या सर्व हरकतींची प्रत, प्रत्येक हरकत स्वीकारल्याचे वा नाकारल्याचे नोंदवलेले कारण, आणि तो निर्णय ज्या बैठकीत झाला तिचे इतिवृत्त. एफएसएसएआय ही केंद्रीय संस्था असल्याने शब्दांची ही मर्यादा तेथे लागू नाही, पण ती सवय मी तेथेही सोडत नाही. आखूड अर्जाला लांब उत्तर द्यावे लागते.